गावात मोजलेलं गावाला सापडत का नाही?

यवतमाळ-वर्ध्याकडच्या कुठल्याही कोरडवाहू गावात जाऊन विचारा की मागच्या वीस वर्षांत इथे कोणकोणते सर्वे झाले. कोणालाच धड सांगता येणार नाही. जनगणनेचे गुरुजी येऊन गेले, आशाताईचं रजिस्टर तर वर्षभर भरतच असतं, कृषी खात्याचे लोक येतात, विद्यापीठाचे येतात, मुंबई-पुण्याच्या संस्था येतात, एमएसडब्ल्यूची पोरं फिल्डवर्कला येतात, आणि ज्या घरात शेतकऱ्याने आत्महत्या केली त्या घरी तर फॉर्म घेऊन माणसं येतच राहतात. वेचणीच्या दिवसांत वावरातून थकून आलेली बाई चूल पेटवता पेटवता उत्तरं देते, किती एकर, किती क्विंटल, किती कर्ज, घरी संडास आहे का, शेवटचं बाळंतपण कुठे झालं. एवढं सगळं सांगून झाल्यावर ती एवढंच विचारते, "अवो मॅडम, मांगच्या सालीबी असंच लिहून नेलं होतं न, थ्याचं काय झालं मंग?"

या प्रश्नाला फॉर्म भरणाऱ्या पोरीकडे उत्तर नसतं, तिच्या सायबाकडेही नसतं. कापसाचा काटा झाला आणि पावती दिली नाही तर शेतकरी तिथंच भांडतो, इथे मात्र अख्खं घरदार मोजून नेतात आणि पावती कोणी मागत नाही, कारण अशी पावती असू शकते हेच माहीत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती असू शकते. गावात जे काही सार्वजनिक पैशातून मोजलं जातं त्याची नोंद एका जागी, उघडपणे, मराठीत शोधता आली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट पडलेलं आहे.

त्याचं नाव नाडा. नॅशनल डेटा अर्काइव्ह, म्हणजे राष्ट्रीय डेटा साठा, या नावाचं हे लघुरूप. जागतिक बँक आणि इंटरनॅशनल हाउसहोल्ड सर्वे नेटवर्क (हे नेटवर्क २००४ च्या मराकेश परिषदेतल्या कृती आराखड्यातून उभं राहिलं) यांनी ते बनवलं, ओपन सोर्स आहे, पीएचपी आणि डेटाबेसवर चालतं, म्हणजे कॉलेजची साधी वेबसाईट सांभाळणारा माणूसही ते बसवू शकतो. करतं काय, तर प्रत्येक सर्वेचं एक पान बनवतं. त्या पानावर सर्वे कोणी केला, कधी केला, कोणत्या भागात केला, गावं आणि घरं कशी निवडली, प्रश्नपत्रिका कोणती होती, फॉर्म भरणाऱ्यांना कोणत्या सूचना दिल्या होत्या, आणि डेटातला एकेक रकाना म्हणजे नेमका कोणता प्रश्न, हे सगळं डीडीआय नावाच्या ठरलेल्या पद्धतीने लिहिलेलं असतं. मग तुम्ही 'विहीर' किंवा 'सावकार' असं शोधलं की कोणकोणत्या सर्वेत तो प्रश्न विचारला होता ते समोर येतं, दोन सर्वेंमधले प्रश्न शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. डेटा मिळवायचे दरवाजेही वेगवेगळे ठेवता येतात. काही फाईली कोणीही उतरवून घ्याव्यात, काहींसाठी नाव-गाव-कारण लिहून लॉगिन करावं, काही अर्ज मंजूर झाल्यावरच द्याव्यात, आणि काही अशा की त्या ऑफिसच्या बाहेर जाणारच नाहीत, तिथेच बसून बघायच्या.

हे काही परदेशातलं कौतुक सांगत नाही. आपल्या केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचा मायक्रोडेटा (म्हणजे एकेका घराच्या उत्तरांचा मूळ डेटा) शोधायचा कॅटलॉग याच सॉफ्टवेअरवर चालतो, जनगणनेच्या वेबसाईटवरचा कॅटलॉगही याच्यावरच आहे. पूर्वी नॅशनल सॅम्पल सर्वेचा, म्हणजे देशभरातली निवडक घरं घेऊन केंद्र सरकार करतं त्या सर्वेचा, डेटा पाहिजे असला की पैसे भरून सीडी मागवावी लागायची, आता लॉगिन करून घरबसल्या उतरवता येतो. दिल्लीने हे काम केलंय, त्याबद्दल त्यांना मनापासून दाद दिली पाहिजे.

त्याचा विदर्भाला काय उपयोग, तर एक उदाहरण जरा नीट सांगतो. २०१९ मध्ये नॅशनल सॅम्पल सर्वेची ७७ वी फेरी झाली, शेतकरी कुटुंबांची परिस्थिती मोजणारी. पेपरात आलं की देशातल्या शेतकरी कुटुंबाचं महिन्याचं सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो तो पिकापेक्षा मजुरीवर जास्त जगतो हे सरकारच्याच आकड्यात आहे, आणि आमच्याकडे ज्याला तीन एकर कोरडवाहू आहे त्याला हे सांगायला सर्वेची गरज नाही. पण छापील रिपोर्ट राज्यापर्यंत येऊन थांबतो. महाराष्ट्राचा एक आकडा, त्यात कोल्हापूरचा ऊसवाला आणि झरी-जामणीचा कापूसवाला एकाच ओळीत. विदर्भ कुठे शोधायचा?

तो मायक्रोडेटात आहे. नॅशनल सॅम्पल सर्वे महाराष्ट्राचे सहा विभाग करतो, त्यातला एक विभाग म्हणजे बुलडाण्यापासून यवतमाळ-नागपूरपर्यंतचा कापसाचा पट्टा आणि दुसरा म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, आपली धानाची झाडीपट्टी. फाईलमध्ये विभागाचा कोड तीन आकडी असतो, पहिले दोन राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र, आणि शेवटचा ५ असला तर वऱ्हाड-नागपूरकडचा, ६ असला तर झाडीपट्टी. हे एकदा कळलं की बीएच्या पोराला सुद्धा कापूसवाल्याचं आणि धानवाल्याचं उत्पन्न वेगळं काढून बघता येतं, अर्थात प्रत्येक घराचं वजन, म्हणजे ते एक घर किती घरांच्या जागी निवडलंय हे, धरून, नाहीतर आकडा चुकीचा येतो, आणि घरांची संख्या कमी असल्यामुळे जपून. राज्याच्या रिपोर्टने जो विदर्भ पुसून टाकला तो असा परत दिसायला लागतो. आमच्या भागावर मुंबईत बसून लेख लिहिणाऱ्यांपेक्षा पुसदच्या कॉलेजातली पोरगी जास्त नेमकं बोलू शकते, जर तिला कोणी ही फाईल कुठे आहे आणि कशी उघडायची हे दाखवलं तर.

तेच तर कोणी दाखवत नाही. फाईल उतरवली तरी बऱ्याच जुन्या फेऱ्यांचा डेटा नेस्टार नावाच्या वेगळ्याच प्रकारात किंवा साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असतो, उघडलं की नुसती आकड्यांची लांबच लांब माळ, कुठे राज्य संपतं, कुठे घराचा नंबर सुरू होतो काही कळत नाही, त्याची किल्ली वेगळ्या एक्सेलमध्ये असते आणि सगळं इंग्रजीत. इंटरनेट मिळालं म्हणजे डेटा मिळाला असं नाही होत.

आणि किल्लीशिवाय आकडा फसवतो सुद्धा. शेतकरी कुटुंब कोणाला म्हणायचं हेच बघा. २००३ च्या फेरीत थोडीतरी जमीन कसायला असणं गरजेचं होतं, २०१३ मध्ये जमिनीची अट काढली आणि वर्षाला शेतीतून ३,००० रुपयांवर उत्पादन पाहिजे असं ठरलं, २०१९ मध्ये ते ४,००० झालं. आता हे न बघता कोणी २००३ आणि २०१९ चे आकडे शेजारी ठेवून 'शेतकरी वाढले' किंवा 'कमी झाले' म्हणून भाषण ठोकलं तर ते सगळं हवेतलं. कर्जाचंही तसंच. आमच्याकडे बियाणं-खत-औषध कृषी केंद्रातून उधारीवर येतं आणि कापूस विकला की चुकारा होतो. हे घरच्या माणसाच्या लेखी कर्ज आहे, पण फॉर्म भरणाऱ्याने "बँकेचं कर्ज आहे का, सावकाराचं आहे का" एवढंच विचारलं तर तो नाही म्हणून सांगतो आणि कागदावर घर कर्जमुक्त होतं. प्रश्न कसा विचारला हे माहीत असल्याशिवाय उत्तराला काही अर्थ नाही, म्हणून मला डेटापेक्षाही प्रश्नपत्रिका आणि सूचनांचं पुस्तक उघडं ठेवणं जास्त महत्त्वाचं वाटतं. कॅटलॉगमध्ये ते सर्वेच्या पानालाच जोडून ठेवता येतं.

आता आपल्या घरचं बघू. २००६ मध्ये, शेतकरी आत्महत्यांवरून विदर्भासाठी निघालेल्या पंतप्रधान पॅकेजच्या काळात, राज्य सरकारने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत १७ लाखांवर शेतकरी कुटुंबांचा घरोघरी सर्वे करून घेतला होता. कर्ज किती, घरात आजारपण आहे का, पोरीचं लग्न अडलंय का, इथपर्यंत विचारलं होतं. नमुना नाही, जवळपास घर अन् घर. शेतीच्या संकटावर एवढी मोठी मोजणी क्वचितच कुठे झाली असेल. आज त्या घरांतली पोरं तिशीत आहेत. ज्या घरांना तेव्हा सगळ्यात अडचणीतली घरं म्हटलं त्यांचं पुढे काय झालं, कोणाची जमीन गेली, कोण पुण्याला वॉचमन म्हणून गेलं, कोण सावरलं, हे शोधायला त्याच्याइतका चांगला पाया नाही. पण दारव्ह्याच्या एखाद्या प्राध्यापकाने ठरवलं की मला हा अभ्यास करायचाय, तर त्याने सुरुवात कुठून करावी? कोणत्या पानावर जावं? ज्या सर्वेसाठी हजारो शिक्षक-तलाठी-ग्रामसेवक राबले त्याचं एक पान, नुसती प्रश्नपत्रिका आणि रकान्यांची यादी असलेलं पान, एवढं तरी प्रत्येक कॉलेजच्या कॉम्प्युटरवर उघडायला पाहिजे.

विद्यापीठांचं मला जास्त लागतं कारण तिथे बंधन घालणं सोपं आहे. पीएचडीचा प्रबंध शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यात, टाकावाच लागतो, ते छान झालं, कॉपी पकडायला लागली आणि प्रबंध वाचायला मिळायला लागले. पण त्या प्रबंधासाठी तीनशे-चारशे घरी फिरून जो डेटा गोळा केला तो टाकायचं बंधन नाही. तो त्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप गेला की गेला. माझ्या ओळखीच्या एका पोरीला बोंडअळीच्या सालानंतरच्या एका सर्वेचा डेटा पाहिजे होता, एका ऑफिसात तिला सांगितलं पेनड्राइव्ह घेऊन ये, ती घेऊन गेली तर ज्यांच्या मशीनवर होतं त्यांची बदली झाली होती आणि मशीन फॉरमॅट झालं होतं. कोणी मुद्दाम लपवलं नाही, कोणाचा वाईट हेतू नव्हता. ठेवायची जागाच नव्हती म्हणून हरवलं. मग तिने तीच गावं परत केली, त्याच बायांना तेच प्रश्न परत विचारले. त्यांचा वेळ कोणी मोजतच नाही.

म्हणून अमरावती, नागपूर, गोंडवाना ही विद्यापीठं आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून एक कॅटलॉग चालवावा, आणि सर्वेवर आधारलेला प्रबंध असेल तर त्याची प्रश्नपत्रिका, नमुना कसा काढला त्याची माहिती आणि नावं काढून टाकलेला डेटा जमा केल्याशिवाय पुढचा कागद हलू नये. जिल्हा परिषद किंवा एखादं खातं पैसे देऊन संस्थेकडून सर्वे करून घेतं तेव्हा शेवटच्या बिलाच्या अटीत हे घालावं. बाकी काही करावं लागत नाही, बिल अडलं की सगळं वेळेवर येतं.

राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाबद्दलही बोलायला पाहिजे. नॅशनल सॅम्पल सर्वेत केंद्राच्या घरांबरोबर राज्यही आपला वेगळा नमुना काढून घरं करतं. दोन्ही जोडले की घरांची संख्या वाढते आणि खालच्या पातळीवरचा आकडा जास्त भरवशाचा होतो. २०२५ पासून तर केंद्राने सर्वेच्या रचनेत जिल्हाच पायाभूत एकक धरलाय, म्हणजे जिल्ह्याचा अंदाज काढायची वाट मोकळी झाली. अशा वेळी राज्याचा नमुना तितक्याच सहज, त्याच पद्धतीने, मराठी माहितीसह मिळाला तर वाशिम आणि गडचिरोलीबद्दल पहिल्यांदाच नीट बोलता येईल. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन दरवर्षी निघतं, कामाचं आहे, पण ते तयार टेबलांचं पुस्तक आहे. टेबल बनवणाऱ्याने जो प्रश्न मनात धरला त्याचंच उत्तर त्यात मिळतं.

आता सगळ्यात मोठी शंका, आणि ती खरी शंका आहे. गाव लहान असतं. नाव काढून टाकलं तरी दोनशे घरांच्या गावात 'विधवा, वय ३४, दोन मुली, पाच एकर, नवऱ्याची आत्महत्या' एवढं लिहिलं की ती कोण हे चावडीवरच्या कोणालाही कळतं. आजार, जात, कर्ज, हे बाहेर गेलं तर त्या माणसाचं गावात राहणं कठीण होतं, सावकाराला आणि विमा एजंटला तर ते पाहिजेच असतं. जनगणनेचं एक बरं आहे, १९४८ च्या जनगणना कायद्याने एकेका घराची नोंद कोणाला बघता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. नॅशनल सॅम्पल सर्वेच्या फाईलमध्येही गावाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण कॉलेजच्या किंवा संस्थेच्या सर्वेत ही शिस्त कोण पाळतं? आज नावासकट, मोबाईल नंबरसकट, आधारसकट एक्सेल शीट व्हॉट्सअपवर फिरतात. खासगीपणाचं कारण सांगून कॅटलॉगला विरोध करणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे की धोका आजच जास्त आहे. कॅटलॉग असला की कोणती फाईल कोणाला, कोणत्या अटीवर दिली याची नोंद राहते, गावाचं नाव झाकायला एक ठरलेली पायरी असते, वय नेमकं न देता गटात देता येतं, आणि जी फाईल कितीही झाकली तरी माणूस ओळखू येतो ती बाहेर द्यायचीच नाही असं ठरवता येतं. तरी तिचं पान मात्र उघडं राहतं, असा सर्वे झाला आणि त्यात हे विचारलं होतं हे लोकांना कळतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संशोधन आणि सांख्यिकीसाठी सूट आहे, पण ती तेव्हाच, जेव्हा त्या माहितीवरून त्या एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नसतो. ही रेघ मला योग्य वाटते. संशोधनासाठी दिलेल्या उत्तरावरून कोणाचं रेशन कापलं गेलं तर उद्या कोणी खरं सांगणार नाही, आणि सांगूही नये.

सॉफ्टवेअर आलं म्हणजे सगळं सुधारेल असं मी म्हणत नाही. २०१७-१८ चा खर्चाचा सर्वे सरकारने गुणवत्तेचं कारण देऊन जाहीरच केला नाही, तेव्हा कॅटलॉग होताच की. इच्छा नसली तर पान रिकामं राहतं. पण गावाकडच्या बहुतेक डेटाच्या बाबतीत कोणी दाबतंय अशी गोष्टच नाही, तो नुसता धूळ खातोय, आणि धूळ झटकायला मोठं राजकारण लागत नाही.

दुसरं, आपला डेटा आपल्याजवळ असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वे आपल्या मुंबईतल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने करायचा, आपल्या बायांची-लेकरांची वजनं-उंच्या मोजायच्या, आणि त्याचा डेटा जगभरातले बहुतेक संशोधक उतरवून घ्यायचे ते अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या, देशोदेशींच्या आरोग्य सर्वेंचा डेटा ठेवणाऱ्या डीएचएस प्रोग्रामच्या साईटवरून. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिकडचा निधी थांबला आणि नव्या लोकांना डेटा देणं बंद पडलं. मेळघाटातल्या कुपोषणावर काम सुरू करणाऱ्याने तोपर्यंत नोंदणी केली नसेल तर तो वॉशिंग्टनच्या निर्णयामुळे अडकला. धारणीच्या लेकरांचं वजन धारणीजवळ राहायला नको का? निदान अमरावतीत तरी?

राहिला प्रश्न की हे बघणार कोण. "गावातले लोक काय डेटा वाचतात" असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीत जाऊन यावं. मेंढा-लेखामध्ये ग्रामसभेच्या आधी अभ्यास गट बसतो, विषय समजून घेतो, मग निर्णय होतो, आणि त्याच गावाने सामूहिक वनहक्क मिळवून बांबू विकून दाखवला. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने त्याच जिल्ह्यात गावातल्याच बायांना नवजात बाळं तपासायला आणि त्यांची नोंद ठेवायला शिकवलं, त्यातून नवजात बाळाच्या घरच्या घरी काळजीचं काम उभं राहिलं आणि १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. थोडंफार शिकलेली बाई एवढं करू शकते तर मराठीत लिहिलेलं सर्वेचं पान तिला का नाही वाचता येणार? मेनू, बटणं, सूचना यांच्या भाषांतराच्या फाईली नाडामध्ये वेगळ्या असतात, त्या मराठीत करणं म्हणजे एका मराठी विभागाचं आणि एका कॉम्प्युटर विभागाचं दोन-चार महिन्यांचं काम. सर्वेचं वर्णन मराठीत लिहायला सर्वे करणाऱ्याला जास्तीचा एक दिवस लागेल.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, आपण अजून २०११ च्या आकड्यांवर गावाचं नियोजन करतोय, तेव्हा यवतमाळ जिल्हा २७ लाख ७२ हजारांचा होता. आता १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून मोजणी होतेय, मोबाईलवर, आणि जातीसकट. पुढची काही वर्षं या आकड्यांवरून आरक्षण, मतदारसंघ, निधी, सगळ्यावर भांडणं होणार आहेत. ज्या गावाला आपला आकडा स्वतः उघडून बघता येईल, त्या आकड्यामागचा प्रश्न वाचता येईल, ते गाव या भांडणात कोणाच्या व्हॉट्सअप फॉरवर्डवर अवलंबून राहणार नाही. म्हणून ग्रामसभांनी आत्ताच एक साधा ठराव घ्यावा. गावात सर्वे करायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी ग्रामपंचायतीत लिहून द्यावं की तो कोण, काय विचारणार, डेटा कुठे जमा करणार आणि वर्षभरात त्याचं पान कुठे दिसेल. जनगणना आणि सरकारी सर्वे कायद्याने होतात, त्यांना अडवायचं नाही, त्यांच्याकडून फक्त पत्ता मागायचा. बाकीच्यांनी लिहून दिलं तर दारं उघडी, नाही दिलं तर उत्तर द्यायचं की नाही हे त्या घरच्या बाईने ठरवावं.